विकत घेतलेले पुस्तक कोणाचे?

गेल्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून मला पाश्चात्त्य राजकीय विचारांवरचे एक पुस्तक 60 रुपयांना मिळाले. पहिल्या पानावर दोन नावे आहेत. एक 1983 सालचे, निळ्या शाईतले. दुसरे 1997 चे, बॉलपेनातले. पहिल्या मालकाने रूसोच्या प्रकरणात समासात बारीक अक्षरांत प्रश्न विचारून ठेवले आहेत, आणि चौदा वर्षांनी आलेल्या दुसऱ्याने त्यांतल्या काहींना खाली उत्तरे दिली आहेत. एके ठिकाणी तर रेघ मारून शेजारी चक्क 'चूक' असे लिहिले आहे. या दोघांची कधी गाठ पडली असेल असे वाटत नाही. तिसरी मी. माझ्या पेन्सिलीच्या खुणांसकट हे पुस्तक पुढे कोणाकडे जाईल ते ठाऊक नाही. पण जाईल हे नक्की, कारण तशा बोलीवरच दुकानदाराने ते मला दिले. परत आणलेस तर 40 रुपये देईन, म्हणाला.

त्याच विषयावरचे दुसरे एक पुस्तक मी त्याआधी मोबाईलवर विकत घेतले होते. दुकान एका परदेशी कंपनीचे. किंमत 349 रुपये. ते पुस्तक आज माझ्याजवळ नाही. चोरीला गेले नाही, हरवले नाही, वाळवीने खाल्ले नाही. ते जागच्या जागी आहे. मीच त्याच्या दाराबाहेर उभी आहे.

झाले ते असे. आमच्या घरी वडिलांचे मोबाईलचे दोन क्रमांक. त्यांतला जुना 2006 च्या सुमारास निघालेल्या 'आजीवन' योजनेतला. एकदाच हजारभर रुपये भरा, येणारे फोन जन्मभर फुकट, ही जाहिरात वडिलांना अजून पाठ आहे. मी दुकानात खाते उघडले तेव्हा अठरा वर्षांची नव्हते, माझ्या नावावर सिमकार्ड नव्हते, म्हणून हाच क्रमांक दिला. आता 2018 च्या अखेरीपासून मोबाईल कंपन्यांनी किमान रिचार्जची अट घातली आहे; पैसे भरले नाहीत तर येणारे फोनही बंद. वडिलांनी काही वर्षे कुरकुरत पैसे भरले, आणि मागच्या पावसाळ्यात, वापर नाही तर दक्षिणा कशाला, असे म्हणून सोडून दिले. 'आजीवन' क्रमांकाचे आयुष्य असे संपले. बंद पडलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतात, हे आम्हाला माहीतच नव्हते. पुढे माझा मोबाईल पाण्यात पडला. नव्या मोबाईलवर खाते उघडू गेले तर दुकान म्हणते, तुमच्या नोंदवलेल्या क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे. तो गेला सोलापूरकडच्या कोणा गृहस्थांना. मी त्यांना फोन केला. गृहस्थ भले होते. "बाळ, ओटीपी कोणालाच सांगायचा नसतो, बँकेत बजावून सांगितलंय आम्हाला," एवढे म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यांचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

दुकानाच्या मदत-खिडकीवर माणूस नाही, यंत्र आहे. त्याने तीन वेळा एकच उत्तर पाठवले आणि चौथ्या वेळी नियम व अटी वाचायला सांगितले. त्या मी वाचल्या. (अभ्यासाचे पुस्तक मी एवढ्या बारकाईने कधी वाचले नाही, हे प्राध्यापक मंडळींनी मनावर घेऊ नये.) तिथे लिहिले आहे की ग्राहकाला पुस्तक विकलेले नाही. त्याला ते वाचण्याचा परवाना दिला आहे. हा परवाना दुसऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही, आणि कंपनीला वाटल्यास तो काढून घेता येतो.

कोणी म्हणेल, 349 रुपयांसाठी अंकाची एवढी पाने खर्ची घालायची? प्रश्न 349 रुपयांचा असता तर मी तो घरीच गिळला असता. प्रश्न 'विकत' या शब्दाचा आहे. पाटी विकत घेतली की पाटी आपली, हे शाळेतल्या पोरालाही कळते. ती फोडा, रंगवा, धाकट्या भावाला द्या, भंगारात घाला. पाटीवाला जाब विचारायला येत नाही. भाड्याने घेणे वेगळे, उसने आणणे वेगळे, गहाण ठेवून घेणे वेगळे. या प्रत्येक व्यवहाराला आपल्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे आणि त्या शब्दांमागे पिढ्यान्‌पिढ्यांची भांडणे आहेत. या दुकानात मात्र बटणावर लिहिलेले असते 'विकत घ्या', आणि पदरात पडतो भाड्याचा माल. तोही मुदत न सांगता.

पुस्तकाच्या बाबतीत हे भांडण जुने आहे. अमेरिकेतल्या बॉब्ज-मेरिल या प्रकाशन संस्थेने 'द कास्टअवे' नावाची कादंबरी काढली आणि आत छापून टाकले की ही प्रत 1 डॉलरपेक्षा कमी किमतीला विकण्याचा परवाना कोणाला नाही. विकल्यास तो आमच्या स्वामित्वहक्काचा भंग समजू. न्यूयॉर्कच्या मेसी या मोठ्या दुकानाने ती 89 सेंटला विकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1908 साली निकाल लागला, दुकानाच्या बाजूने. प्रत एकदा विकली की ती पुढे कोणी कितीला विकावी हे सांगण्याचा प्रकाशकाचा हक्क संपला. नव्या प्रती छापण्याचा हक्क त्याचा, पण विकलेल्या प्रतीवर त्याचे राज्य नाही. आपल्या 1957 च्या कायद्यातही पुस्तकांबाबत हेच तत्त्व आहे. अप्पा बळवंत चौकातली जुन्या पुस्तकांची दुकाने, मुंबईच्या फोर्टातले पदपथ, गावोगावची फिरती वाचनालये आणि आपल्या कॉलेजची पुस्तकपेढी ही सगळी याच तत्त्वाच्या आधारावर उभी आहेत. माझ्या त्या 60 रुपयांच्या पुस्तकाचे तिन्ही मालकही.

पडद्यावरच्या पुस्तकाने हा आधारच काढून घेतला. विक्रीच झाली नाही म्हटल्यावर विकत घेणाऱ्याचे हक्क कुठून येणार? वर पुस्तकाला कुलूप. आपल्या कायद्यात 2012 साली दुरुस्ती होऊन 65अ हे कलम आले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलमात 'हेतू' हा शब्द आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण कुलूप लावणारा कोणत्या हेतूने लावतो, हे विचारणारे कलम मला सापडले नाही.

विकलेले पुस्तक कंपनीने परत नेल्याची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट 2009 च्या जुलैमधली आहे. ॲमेझॉनच्या किंडल या वाचनयंत्रावर लोकांनी पैसे भरून घेतलेली दोन पुस्तके एके दिवशी कंपनीने दुरूनच पुसून टाकली. ज्या प्रकाशकाने ती दुकानात ठेवली होती त्याच्याकडे हक्क नव्हते, हे कारण. पैसे परत केले. आता ही पुस्तके कोणती असावीत? जॉर्ज ऑर्वेलची '1984' आणि 'ॲनिमल फार्म'. जुने कागद भट्टीत टाकून इतिहास बदलणाऱ्या सरकारची कथा ज्या कादंबरीत आहे, तीच रातोरात नाहीशी व्हावी, हा योगायोग एखाद्या लेखकाने कल्पून लिहिला असता तर आपण त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते. मिशिगन राज्यातल्या एका शाळकरी मुलाने सुट्टीतल्या अभ्यासासाठी '1984' वर टिपणे काढली होती. पुस्तक गेले तशी टिपणे निराधार झाली. तो कोर्टात गेला. कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली आणि दाव्यात तडजोड झाली.

हे वाचताना मला पुस्तकापेक्षा त्या टिपणांचे अधिक वाटले. पुस्तक पुन्हा मिळते. समासात आपण जे लिहितो ते त्या वेळचे आपण असतो, आणि ते दुसरीकडे कुठे लिहून ठेवलेले नसते. 2019 साली मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा विकलेली सगळी पुस्तके जुलैपासून उघडेनाशी झाली. सर्वांना किंमत परत मिळाली, आणि ज्यांनी पुस्तकात टिपणे केली होती त्यांना वर 25 डॉलर. म्हणजे कोणी दहा वर्षे विचार करून लिहो की कोणी उगाच दोन शब्द रंगवो, समासाचा भाव सरसकट 25 डॉलर. एवढे तरी दिले, असेही म्हणता येईल.

अलीकडे निदान खरे बोलण्याची लाज थोडी कमी झाली आहे. कॅलिफोर्निया राज्याने 2024 मध्ये एक कायदा केला. तो 1 जानेवारी 2025 पासून लागू आहे. डिजिटल माल कंपनी पुढे काढून घेऊ शकत असेल, तर हा फक्त परवाना आहे असे स्पष्ट सांगितल्याशिवाय त्यावर 'विकत घ्या' असे लिहायला तिथे आता बंदी आहे. काढून घेण्यावर बंदी नाही, शब्दावर आहे. पुढच्याच महिन्यात, 26 फेब्रुवारीला, ॲमेझॉनने किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून ठेवण्याची सोय बंद केली. आपली प्रत आपल्या कपाटात ठेवण्याची उरलीसुरली वाट होती ती हीच. सिनेमाचे तर बोलायलाच नको. जाहिराती नकोत म्हणून ज्यांनी वर्षाची वर्गणी भरली, त्यांच्याच पडद्यावर प्राइम व्हिडिओने जून 2025 पासून भारतात जाहिराती सुरू केल्या. त्या काढायच्या असतील तर वर्षाला आणखी 699 रुपये.

इथे आमच्या वर्गातल्या एका मित्राने हरकत घेतली आणि ती रास्त आहे. तो म्हणाला, "कुलपाला नावे ठेवतेस, पण टेलिग्रामवर मराठी पुस्तकांच्या फुकट पीडीएफ फिरतात त्याचे काय?" खरे आहे. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायला वर्षे लागतात. प्रकाशक पदरमोड करून पुस्तक काढतो, आणि आठ दिवसांत कोणीतरी ते पान न पान मोबाईलने टिपून शंभर गटांत पाठवतो. वर 'ज्ञान वाटल्याने वाढते' असा सुविचार. आपण अनेकांनी अशा पीडीएफ घेतल्या आहेत. मीही घेतल्या आहेत. त्याचे समर्थन मी करत नाही. पण चोर येऊ नये म्हणून घराला कुलूप लावणे एक आणि घर विकल्यावर किल्ली आपल्याच खिशात ठेवणे दुसरे. माझे पुस्तक बंद झाले त्याने एकाही मराठी लेखकाचे रक्षण झाले नाही. उलट टेलिग्रामवाल्याची प्रत शाबूत आहे आणि पैसे भरणारीची गेली. प्रामाणिक गिऱ्हाइकाला शिक्षा करणारे कुलूप चोरीला आळा घालत नाही, चोरीची भरती करते.

लेखकाचा हक्क आणि विद्यार्थ्याची गरज यांचा मेळ कसा घालावा, याचा एक निकाल आपल्याच देशात लागलेला आहे आणि तो कलाशाखेच्या प्रत्येकाला माहीत असावा. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर 2012 साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशकांनी दावा लावला. वेगवेगळ्या पुस्तकांतली नेमलेली प्रकरणे एकत्र करून तो विद्यार्थ्यांना देत असे. 16 सप्टेंबर 2016 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी प्रकाशकांच्या विरुद्ध निकाल दिला. स्वामित्वहक्क हा काही दैवी किंवा निसर्गदत्त हक्क नव्हे, असे त्यांनी म्हटले. पुढे 2017 मध्ये प्रकाशकांनी दावा सोडून दिला. पण हा निकाल आला तो कागदाच्या जगातला. झेरॉक्स काढायला आधी पुस्तक हाती लागते. पडद्यावरच्या कुलूपबंद पुस्तकाची झेरॉक्स काढायला न्यायालयाने कितीही परवानगी दिली, तरी ते उघडणार कोण?

आता रस्त्याकडे वळू. कारण माझे पुस्तक बंद झाले ते दुकानामुळे जितके, तितकेच त्या दुकानापर्यंत जाणाऱ्या रस्त्यामुळे.

वर्षाचे महिने बारा, हे आपण बालवाडीत शिकलो. मोबाईल कंपन्यांचे महिने तेरा. 28 दिवसांचा एक महिना, असे तेरा महिने म्हणजे 364 दिवस. पगार बाराच होतात, घरून पैसे बारा वेळाच येतात, मेसचे बिल बारा वेळा. रिचार्ज तेवढा तेरा. वसतिगृहात हा विषय निघाला की सगळ्यांची तोंडे उघडतात. ट्राय या नियामक संस्थेने 2022 च्या जानेवारीत हुकूम काढला की प्रत्येक कंपनीने निदान एक योजना 30 दिवसांची आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारी ठेवावी. तशा योजना आहेतही. दुकानात मागून बघा, आणि दुकानदार आधी कोणती दाखवतो तेही बघा. इंटरनेट नको, नुसते बोलण्यापुरते रिचार्ज द्या, हे आमच्या आजीचे मागणेही 2024 च्या डिसेंबरात ट्रायने सांगितल्यावरच मान्य झाले.

अर्थात एका बाजूने बोलणे बरे नव्हे. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आली त्याआधी 1 जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. आमच्या पिढीने इंटरनेट पाहिले तेच मुळी त्यानंतर. पहिले कित्येक महिने फुकट, मग जवळजवळ फुकट. गावात एस. टी. येण्यापूर्वी प्रत्येकाच्या हातात नेट आले, आणि त्या नेटवर आम्ही व्याख्याने ऐकली, पुस्तके वाचली, नको ते पुष्कळ पाहिलेही. पण या स्वस्ताईत बाकीची दुकाने मिटली. रिलायन्स कम्युनिकेशन्स गेली, एअरसेल गेली, टेलिनॉर आणि टाटा डोकोमो एअरटेलमध्ये विरघळल्या, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. खाजगी कंपन्या उरल्या तीन. 2024 च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिघींनीही पाठोपाठ दर वाढवले. तिघींनी एकत्र बसून ठरवले असे मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याजवळ नाही. गल्लीत तीनच वाणी असले तर त्यांना एकत्र बसावे लागत नाही.

आणि रस्त्याचा मालक हळूहळू दुकानाचाही मालक झाला आहे. 2023 सालचे आयपीएलचे सामने जिओसिनेमाने फुकट दाखवले. 2024 च्या नोव्हेंबरात रिलायन्स आणि डिस्ने यांचे भारतातले मनोरंजनाचे धंदे एक झाले, आणि 14 फेब्रुवारी 2025 ला जिओहॉटस्टार निघाले. म्हणजे ज्या घराण्याचा रस्ता, त्याच घराण्याचे नाट्यगृह, आणि रिचार्जबरोबर तिकीट. हे सगळे कायद्यात बसते. स्पर्धा आयोगाने पाहून मंजूर केलेले आहे. गिऱ्हाइकाला सोयीचेही वाटते. मात्र उद्या दुसरे कोणी छोटे नाट्यगृह काढले, तर त्याने प्रेक्षक कोणत्या रस्त्याने आणायचे?

हाच प्रश्न दहा वर्षांपूर्वी या देशात जोरात विचारला गेला होता, आणि त्याचे उत्तरही मिळाले होते. आमच्यातले बहुतेक तेव्हा प्राथमिक शाळेत असल्यामुळे ती हकीकत थोडी विस्ताराने सांगते.

2014 च्या डिसेंबरात एअरटेलने जाहीर केले की इंटरनेटवरून केलेल्या बोलण्याला निराळे पैसे पडतील. ओरड झाली, तेव्हा काही दिवसांतच बेत मागे घेतला. मार्च 2015 मध्ये ट्रायने या विषयावर लोकांची मते मागवली. तो कागद शंभराहून अधिक पानांचा आणि वकिली इंग्रजीतला. सामान्य माणसाने त्याच्या वाटेस जाऊ नये असाच. पण काही तरुण मंडळींनी त्याचे सोप्या भाषेत उत्तर तयार केले, विनोदी मंडळींनी त्यावर चित्रफीत काढली, आणि महिन्याभरात ट्रायकडे दहा लाखांवर पत्रे गेली. एअरटेलने याच काळात 'झिरो' नावाची योजना आणली होती. ज्या कंपन्या एअरटेलला पैसे देतील त्यांचे पान गिऱ्हाइकाला फुकट उघडेल, बाकीच्यांचे पैसे पडतील. फ्लिपकार्ट त्यात सामील होणार होती. लोकांचा रोष पाहून एप्रिलमध्ये तिने अंग काढून घेतले.

मग फेसबुक उतरले. रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर त्यांनी फेब्रुवारी 2015 मध्येच एक योजना सुरू केली होती. तिचे नाव पुढे 'फ्री बेसिक्स' ठेवले. ज्यांना इंटरनेट परवडत नाही त्यांना निवडक काही संकेतस्थळे फुकट. निवड अर्थात फेसबुकच्या अटींवर. डिसेंबरात पानभर जाहिराती झळकल्या. 28 डिसेंबर 2015 रोजी मार्क झुकरबर्ग यांनी टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहिला. त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचे उदाहरण होते, जो या योजनेतून हवामान आणि बाजारभाव बघतो. आणि वाचनालयाची उपमा होती. वाचनालयात जगातली सगळी पुस्तके नसतात, म्हणून काय ते वाईट ठरते?

ही उपमा वरवरची नाही. ती पटण्यासारखी आहे म्हणूनच तिचा विचार केला पाहिजे. काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे, हे उपाशी माणसाला सांगण्याचे धाडस पोटभर जेवलेल्याने करू नये, असे मलाही वाटते. कोरडवाहू शेती करणाऱ्याला नेटचे तटस्थपण काय चाटायचे आहे? पण वाचनालय म्हणजे काय, हे आपण महाराष्ट्रात थोडेफार जाणतो. पुणे नगर वाचन मंदिर 1848 सालचे. तिथे पुस्तके कोणती घ्यावी यावर कार्यकारिणीत भांडणे होतात, निवडणुका होतात, वर्गणीदार सूचनावहीत खरमरीत लिहितात. वाचनालय स्वतः प्रकाशक नसते, आणि कोणी काय वाचले याच्या नोंदी विकून ते पोट भरत नाही. फ्री बेसिक्स हे एका प्रकाशकाने स्वतःच्या पुस्तकांभोवती बांधलेले वाचनालय होते. त्या शेतकऱ्याला बाजारभाव हवा असेल, तर कोणत्या बाजाराचा भाव दाखवायचा हे ठरवणारा कोण, हा प्रश्न शहाणपणाचा नव्हे तर त्याच्या कांद्याचा आहे.

फेसबुकने आपल्या लाखो वापरकर्त्यांकडून बटण दाबवून ट्रायला साचेबंद पत्रे पाठवली. ट्रायने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांत नाहीत, असे ट्रायनेच कळवले. आर. एस. शर्मा तेव्हा ट्रायचे अध्यक्ष होते. 8 फेब्रुवारी 2016 रोजी निकाल आला. मजकूर कोणाचा आहे हे पाहून इंटरनेटचा दर कमीजास्त करायला बंदी. मोडल्यास दिवसाला 50 हजार आणि जास्तीत जास्त 50 लाख रुपये दंड. तीनच दिवसांनी फेसबुकने भारतातले फ्री बेसिक्स गुंडाळले. 2018 मध्ये सरकारने नेट तटस्थतेचे तत्त्व कंपन्यांच्या परवान्यांतही घातले. अमेरिकेत असाच नियम 2015 साली आला, 2017 मध्ये गेला, 2024 मध्ये पुन्हा आला आणि 2 जानेवारी 2025 ला न्यायालयाने तो पुन्हा रद्द केला. आपला अजून टिकून आहे. ही गोष्ट आम्हाला कोणत्याही पेपरात शिकवली जात नाही. दांडीयात्रेची तारीख विचारतात, आणि ती विचारावीच. पण आमच्या हयातीत लोकांनी पत्रे लिहून जगातल्या एका बलाढ्य कंपनीला परत पाठवले, याचीही तारीख विचारायला हरकत नव्हती.

रस्त्यासाठी जे झाले ते पुस्तकासाठी अजून झालेले नाही. 'विकत घ्या' असे लिहून भाड्याने देणाऱ्याला आपल्याकडे कोणी रोखलेले नाही. ग्राहक संरक्षण कायदा 1986 चा होता, 2019 चा नवा आला. फसव्या जाहिरातींविरुद्ध त्यात पुरेशी कलमे आहेत. पण या बटणाला ती लावून पाहायला कोणीतरी जावे लागते. 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत काढली आणि पुढच्या वर्षी मुंबईत ग्राहक पंचायत सुरू झाली, तेव्हा गिऱ्हाइकाला हक्क असतात हेच लोकांना नवीन होते. मुंबईच्या पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबे गट करून महिन्याचे वाणसामान एकत्र मागवत, वजन स्वतः करत, वाटप स्वतः करत. आमच्या एका प्राध्यापिकांच्या लहानपणी हे सामान त्यांच्या चाळीच्या जिन्यात उतरत असे. चहाची भुकटी पिशव्यांत भरण्याचे काम मुलांकडे असे, आणि किलोचा किलो भरतो की नाही हे सगळ्यांना दिसत असे. मी विकत घेतलेल्या पुस्तकाचे वजन मला दिसत नाही. ते किलो आहे की पाऊण, ते तराजूत किती दिवस राहणार, हे विक्रेत्याच्याच अटीत बारीक अक्षरांत.

हे केवळ माझ्या एकटीचे नाही, आपल्या ग्रंथालयाचेही आहे. दाखल नोंदवहीत ज्या पुस्तकाला क्रमांक पडला, ते कॉलेजचे झाले. त्या वहीतली पहिली पुस्तके आजही मागितली तर कपाटातून काढून देतात. पडद्यावरची पुस्तके आणि नियतकालिके वर्गणीवर येतात. वर्गणी थांबली की कपाट रिकामे, आणि आधीच्या वर्षांचे पैसे भरलेले असोत की नसोत, हाती चिठोरेही नाही. ग्रंथालय समितीतल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की असा करार करताना एक प्रश्न लेखी विचारावा: वर्गणी बंद झाल्यावर आम्ही पैसे भरलेल्या वर्षांचे काय आमच्याकडे राहील? उत्तर मिळेल ते ग्रंथालयाच्या सूचना फलकावर लावावे. विद्यार्थी वाचतील. निदान मी वाचेन. अटी वाचण्याचा मला आता सराव झाला आहे.

माझी तक्रार मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली आहे. तक्रारीला क्रमांक मिळाला. कंपनीने उत्तर दिले की खातेदाराची ओळख पटल्यास मदत करू, आणि ओळख पटवण्यासाठी नोंदवलेल्या क्रमांकावर ओटीपी पाठवला. सोलापूरच्या त्या गृहस्थांनी या खेपेस स्वतः होऊन फोन केला. त्यांनी विचारले, "तुमचं ते पुस्तक मिळालं का?" नाही म्हणाले. मग ओटीपी सांगू का, असे त्यांनी विचारले, आणि सांगितलाही. तोवर त्याची दहा मिनिटांची मुदत संपून गेली होती.

60 रुपयांचे पुस्तक मी दुकानदाराला परत केले नाही. पहिल्या वर्षाच्या एका मुलीने मागितले, तिला दिले. देण्यापूर्वी रूसोच्या प्रकरणातल्या त्या 'चूक' या शब्दापुढे मी पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.